वाफ थांबेपर्यंत

९ जून

चि. वायरमन जावईबापूंस,
अ. उ. आ. वि. वि.

ठकी सुखरूप पोचली हे फोनवर कळलंच, पण एक सांगायचं राहिलं. मोठी बॅग यांनी उचलली, पण हातातली पिशवी तिने कुणाला देऊ केली नाही. घरी आल्यावर उघडून बघते तर टॉवेलात गुंडाळलेलं तिच्या आईचं, आपल्या धाकटीचं, वॉफलचं मशीन. सहा वर्षांची पोर, सबंध प्रवासभर ते वजन मांडीवर घेऊन बसली होती.

फोन सोडून पत्र लिहिते आहे, त्याला कारण आहे. परवा तुमचा फोन झाल्यावर ती दाराशी जाऊन बसली ती जेवायलाही उठेना. बाबा येतायत, असं तिच्या मनाने घेतलं. तेव्हा काही दिवस आपण पत्रांवरच भागवू. तुमच्या त्या बोगद्याच्या कामावर टपाल कसं पोचतं कोण जाणे, पण पोचेल.

ती फार शहाण्यासारखी वागते, आणि मला त्याचंच भय वाटतं. आई गेल्यापासून ती एकदाही रडलेली नाही. ताट उचलून ठेवते, अंथरुणाची घडी करते, विचारल्याशिवाय बोलत नाही. पाहुणी असावी तशी. आजवर तिने एकच गोष्ट मागितली. रविवारी आई करायची तसं वॉफल कराल का, असं अगदी हळू विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं.

शाळेचे गणवेश शिवण्यात माझी हयात गेली, मशीनला मी भ्यायची नाही. पण या मशीनपुढे हात टेकले. झाकण उघडलं तर वॉफलच्या दोन फाडी, एक वरच्या चौकटींना चिकटलेली, एक खालच्या. सुरीने खरवडून काढलं तर निम्मं कच्चं. नंतर चौकटी बदलून सँडविच करायला गेले, तर चीज बाहेर येऊन बिजागरीत शिरलं, धूर झाला आणि घरातली वीज गेली. हे म्हणाले, यापेक्षा माझ्या बसचं इंजिन बरं, निदान कधी रुसणार ते आधी सांगतं. मी हसले. ठकी हसली नाही. असू दे मावशी, मला तशी भूक नव्हतीच, असं म्हणून तिने माझा हात थोपटला. माझी समजूत घालत होती ती. त्यापेक्षा तिने ताट भिरकावलं असतं तरी चाललं असतं.

तुम्ही विजेतले जाणकार. या यंत्राची काय मर्जी आहे ते सविस्तर कळवा. स्वतःला जपा, लोभ आहेच.

तुमची,
ताई

२४ जून

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. इथे जेवणाच्या खोलीत सगळे असतात, म्हणून बाहेर केबलच्या रिळावर बसून वाचलं.

मशीनची मर्जी सांगतो. बटण लावताना झाकण बंद असू द्या. लाल दिवा म्हणजे वीज आली, हिरवा लागला म्हणजे चौकटी तापल्या. हिरव्याच्या आधी पीठ ओतायचं नाही. गार चौकटीला ते चिकटतंच. दिवा लागल्यावर ब्रशने तेलाचा नुसता हात फिरवा, वरच्या चौकटीलाही. पीठ मधोमध ओता, कडेपर्यंत नको. ते आपल्या पायांनी जातं. मग झाकण टेकवा आणि हात बाजूला घ्या. फटीतून वाफ येईल. ती येते आहे तोवर आत काम चाललंय असं समजा. वाफ जवळजवळ थांबली की उघडायचं. झाकण अडलं तर ओढू नका, अजून मिनिटभर थांबा. तुमच्या दोन फाडी झाल्या त्या घाईमुळे.

सुरी मात्र कधीच लावू नका. वरचा गुळगुळीत थर एकदा खरवडला की मशीन जन्मभर चिकटणार. लाकडी उलथनं घ्या. काम झालं की आधी वायर काढा, कोमट असताना ओल्या फडक्याने पुसा. नळाखाली धरलंत तर मला तिथे यावं लागेल. सँडविचला लोणी बाहेरच्या बाजूने लावा, आतलं सारण कोरडं आणि थोडं ठेवा, आणि कडी दाबून लावू नका. दाबलं की चीज वाट शोधतं.

हे सगळं यंत्राचं झालं. त्याची जळकी वायर मीच बदलली होती, म्हणून मला माहीत. पण धाकटी पिठात काय घालायची, ते मला सांगता येणार नाही. मी सुटीवर यायचो तेव्हा वॉफल तयार होऊन समोर यायचं. ती कसं करते ते बघावं, असं कधी सुचलंच नाही. वाटायचं, ती आहेच की.

ठकी रडली नाही हे वाचून मला काही लिहिता येईना, म्हणून हे पत्र चार दिवस उशिरा टाकतो आहे. साडूभाऊंना नमस्कार. मायेची पाखर अशीच असू द्यावी.

आपला,
वायरमन

२२ जुलै

चि. जावईबापूंस,
अ. उ. आ. वि. वि.

जमलं. आज रविवार, परत केलं, आणि लिहायला बसले आहे तरी घरात लोण्याचा वास आहे.

पिठाचं मी करून करून बघितलं. दोन रविवार वाया गेले. एकदा रबर झालं, एकदा बिस्किट. तिसऱ्या, म्हणजे गेल्या रविवारी हिरवा दिवा लागला, पीठ ओतलं, झाकण टेकवून मी हात पदराला पुसत बाजूला झाले. एवढ्यात ठकीने स्टूल ओढलं आणि ओट्यापाशी चढून उभी राहिली. वाफेकडे बघत म्हणाली, थांबली की मी सांगते, आईकडे पण मीच सांगायचे. मी म्हटलं, बरं, तूच सांग. सांगितल्याशिवाय मी हात लावायची नाही.

ती केवढी गंभीर झाली होती. मध्ये मला वाटलं, झालं असेल, तर तिने नुसतं बोट वर केलं. शेवटी म्हणाली, आता. झाकण अलगद उघडलं. अख्खं निघालं, बदामी, सगळ्या चौकटी जागच्या जागी.

तिने एक खाल्लं, दुसरं निम्मं खाल्लं आणि हातातला घास तसाच धरून रडायला लागली. मी तिला स्टुलावरून उचलून घेतलं. जावईबापू, ती इतकी रडली की शेजारीण डोकावून गेली. आई कुठे आहे, असं तिने विचारलं नाही. आई परत येणार नाही ना, असं विचारलं. मी खोटं बोलले नाही. मग मीही रडले. धाकटी गेली तेव्हा सगळ्यांचं करता करता माझंही राहूनच गेलं होतं. हे डेपोतून आले तेव्हा आम्ही दोघी ओट्याखाली फरशीवर बसलो होतो. यांनी हात धुतले. उरलेलं पीठ स्वतः ओतलं आणि जाळलं.

त्या दिवसापासून पोर बोलती झाली आहे. यांच्या मागे लागून बसचा भोंगा वाजवून आली. परवा फ्रॉकचं माप घेत होते, तर तिच्या तोंडून मला आई असं निघून गेलं. ती फ्रॉकची बाही ओढायला लागली, मीही टेपकडेच बघत राहिले. ऐकलं नाही असं आम्ही दोघींनी दाखवलं.

म्हणून एक मनातलं लिहिते. आम्हाला मूल नाही, हे तुम्ही जाणता. तुमचं काम डोंगराच्या पोटात. ठकीला आमच्या ओटीत घाला, कागदोपत्री रीतसर. तुम्ही केव्हाही या, बाप तुम्हीच राहाल. हे म्हणाले, विचारू नकोस, अवघड पडेल त्याला. पण मला राहवेना. सवडीने कळवा. कृपादृष्टी म्हणत नाही, आपलेपणा ठेवा म्हणते.

तुमची,
ताई

२ सप्टेंबर

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं असेल असं तुम्हाला वाटावं, अशी मनातून इच्छा होती.

इथे ज्याला त्याला विचारलं. मुकादम म्हणाला, मावशी म्हणजे दुसरी आई, द्यावी. स्वयंपाकी म्हणाला, मुलीची जात, बापाच्याने होणार नाही. सगळ्यांचं बरोबर आहे. मीही एकदा होकार लिहून काढला. पण सही करायला बसलो आणि ती चालते कशी ते डोळ्यांपुढे आलं. धाकटीसारखीच चालते, डावा पाय जरा बाहेर टाकून. ताई, माझ्याकडे आता तेवढीच उरली आहे.

मी वीजकेंद्रावर बदली मागून घेतली. दिवसपाळी आहे, दोन खोल्या मिळाल्यात, शाळा कुंपणाला लागून. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ठकीला न्यायला येतो. तुम्ही तिला जिवंत केलंत, आणि मी तिला उचलून नेणार. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, मी ऐकून घेईन.

मला वेणी घालता येत नाही. स्वयंपाक म्हणजे चहा. तरीही शिकवाल का? राग आला तरी लोभ तोडू नका.

आपला,
वायरमन

११ सप्टेंबर

चि. जावईबापूंस,
अ. आ.

पत्र आलं तेव्हा मी काजं करत होते. उरलेली काजं पुरी केली आणि मग दुसऱ्यांदा वाचलं. पहिलं उत्तर लिहिलं ते फाडून टाकलं. त्यात जे बोलले होते ते धाकटीच्या नवऱ्याला बोलण्यासारखं नव्हतं.

यांना सांगितलं. ते ताटावरून उठले. चपला घातल्या आणि डेपोत गेले. तेव्हापासून घरात कामापुरतंच बोलतात.

तुम्ही बाप आहात. मी मागू नये ते मागितलं होतं. आता शिकवते, नीट वाचा.

पीठ आणि बेकिंग पावडर एकत्र चाळून घ्या. अंड्यातलं पिवळं दुधात फेटा, वितळलेलं लोणी घाला, चमचाभर साखर. हे पिठात ओतून जेमतेम कालवा. गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. घोटत बसलात की रबर. पांढरं वेगळं फेसून शेवटी हलक्या हाताने मिसळा. मग दहा मिनिटं झाकून ठेवा आणि तेवढ्यात तिची वेणी घाला. केस खालून विंचरत वर जायचं, वरून ओढलंत तर किंचाळेल.

झालेलं वॉफल ताटात ठेवू नका, खालून घाम येऊन मऊ पडतं, जाळीवर ठेवा. डब्यात सँडविच देणार असाल तर तेही पूर्ण गार होऊ द्या. कडा तिला आवडत नाहीत पण सांगणार नाही, खाईल. ताप आला तरी सांगणार नाही. फार गप्प दिसली की कपाळाला हात लावा. झोपेत पांघरूण लाथाडते. झाकण उघडायचं ते तिने सांगितल्यावर, तुम्हाला कितीही घाई असली तरी.

तुम्ही नेणार आहात, हे तिला तुम्हीच येऊन सांगा. तेवढं मला जमायचं नाही.

ताई

२० ऑक्टोबर

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही मार्गी लागलो आहोत. ठकीचं शाळेत नाव घातलं. एक शेजारीण वेण्या घालून देते म्हणाली, पण ठकीने नको सांगितलं. माझ्याच वाकड्या वेण्या घालून जाते. पहिल्या रविवारी माझं वॉफल कडेने करपलं. तिने माझ्या हाताने पीठ परत कालवून घेतलं, तुम्ही कसं कालवता ते करून दाखवलं. दिवसा ती तुमची आठवण काढत नाही. रात्री काढते. तुम्हाला खरं ते कळवायचं ठरवलं आहे.

एक गोष्ट तुम्हाला बहुधा ठाऊक नाही. तुम्ही दारातूनच निरोप दिलात, आणि साडूभाऊ पहाटेच कामावर गेले होते. निरोपालाही थांबले नाहीत, याचं मला वाईट वाटलं होतं. स्टँडवर आमच्या बसमध्ये चढलो तर स्टिअरिंगवर तेच. कंडक्टर म्हणाला, हा त्यांचा रस्ता नव्हे, दुसऱ्याची पाळी मागून घेतली आहे. ठकी त्यांच्या मागच्या सीटवर बसली. त्यांच्या पाठीमागच्या काचेवर टेकून ती अखंड बोलत होती, आणि ते मान हलवत होते.

ताई, त्यांनी बस इतकी सावकाश चालवली की लोक कुरकुरायला लागले. चढ नसतानाही सावकाश. प्रत्येक थांब्यावर थांबले, कुणी उतरणारं नसलं तरी. शेवटच्या स्टँडवर त्यांनी आमचं सामान स्वतः उतरवलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि परत वर चढले. बस रिकामी झाली होती. आम्ही रस्ता ओलांडून पलीकडे गेलो तरी ते तसेच बसून होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. काका जात का नाहीत, असं ठकीने विचारलं. मी बॅग खांद्यावर घेतली.

हे ते तुम्हाला सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिलं. दोघेही या. हक्काने या. खोल्या दोनच आहेत, पण पुरतील.

आपला,
वायरमन

२८ ऑक्टोबर

चि. जावईबापूंस,
अनेक आशीर्वाद. ठकीला गोड पापा.

मला खरंच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ते फार उशिरा आले. मी विचारलं, तर जादा फेरी होती म्हणाले. मी रागात होते, वाढून ठेवलं आणि जाऊन पडले. तो सबंध दिवस दोघांनी एकाच दुःखात काढला आणि एकमेकांना दिसू दिलं नाही.

काल जेवणं झाल्यावर तुमचं पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. बसचा मजकूर आला तसे ते उठून खिडकीपाशी गेले आणि चष्मा पुसत राहिले. बराच वेळ पुसला. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, त्या दिवशी गिअर त्रास देत होता, म्हणून गाडी सावकाश होती.

मी म्हटलं, असेल.

नाताळच्या सुटीत आम्ही येतो. तोवर पोरीला सांभाळा, स्वतःलाही. आमच्यावरचा जीव कमी होऊ देऊ नका.

तुमची,
ताई