तुझ्या त्या ईसाविषयी

प्रिय बुरुल,

वर कुरण यंदा चांगलं आहे. मेलिसची बायको घोड्यांचं दूध काढते, पण त्या तिला लाथा झाडतात, तुझीच वाट बघतात. दुधाची गाडी उद्या सकाळी खाली उतरेल, तिच्याबरोबर हे पत्र देतोय. इथे फोन लागत नाही. लागला असता तरी हे सगळं मला तोंडाने सांगता आलं नसतं.

तुझ्या त्या ईसा मसीहावरून मी तुला फार छळलं. गाव नावं ठेवतं, मुल्ला चिडलाय, उद्या तुला मरण आलं तर कबरस्तानात जागा कोण देईल, असं मी म्हणायचो. ती सगळी निमित्तं. खरं म्हणजे मी जळत होतो. रविवारी अनारकुलताईंच्या घरी प्रार्थनेला जायचं म्हटलं की तू तो निळा रुमाल बांधायचीस. कराकोलच्या बाजारातून मी तो आणला, पण माझ्यासाठी तू तो कधी बांधला नाहीस. लोकर धुताना तू ईसाची गाणी गुणगुणायचीस. अकरा वर्षांच्या संसारात माझ्यामुळे कधी गुणगुणलीस? गेल्या हिवाळ्यात मेलिसने एका लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसमोर विचारलं, “काय दादा, वहिनी त्या ईसाबरोबर पळाली, की आहे अजून घरात?” सगळे हसले, मीही हसलो. भावाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, कारण त्याने माझ्या मनातलंच बोलून दाखवलं होतं.

मग एप्रिलातला तो रविवार. वाटेवर गुडघाभर चिखल होता म्हणून मी घोडा घेऊन तुला आणायला आलो. खिडकी उघडी होती. तू उभी राहून साक्ष देत होतीस, ईसा तुला कसा भेटला ते सांगत होतीस. म्हणालीस, “मी तापाने फणफणले होते. नवरा आयचुरेकला घेऊन दवाखान्यात गेला होता. भर दुपारी कोणीतरी उशाशी येऊन बसलं. माझं नाव घेऊन म्हणालं, मी इथे आहे.”

बुरुल, आपल्या घरात नऊ वर्षं लेकीचं नाव कोणी उच्चारलं नव्हतं. ते तू वीस परक्या माणसांसमोर घेतलंस. रडलीस, आणि कुणा म्हातारीने तुझे डोळे पुसले. तिथे मी असायला हवं होतं. पुढचं न ऐकताच मी घोडा वळवला.

संध्याकाळी मी काय बोललो ते तुला आठवतं. “या घरात नवरा एकच राहील. पुन्हा त्या दारात गेलीस तर इकडे फिरकू नकोस.” तू कणीक मळत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, “खिडकीशी तुम्हीच होतात ना? मग आत का नाही आलात?” मी तंबू गाडीत टाकला आणि तुझ्याशिवाय वर निघून आलो.

आत आलो नाही, कारण पुढे तू सांगितलं असतंस की आपली पोर दवाखान्यात गेली, डॉक्टरांनी शर्थ केली. मीच तुला तसं सांगितलं होतं. ते खोटं आहे. आम्ही दवाखान्यात पोचलोच नाही. खिंडीत जीप बर्फात रुतली, इंजिन बंद पडलं. मी तिला कोटाच्या आत छातीशी धरून बसलो. तिचा श्वास घरघरत होता. ज्याला जन्मात कधी हाक मारली नव्हती त्याला मी ओरडून हाक मारली, कोण आहे ते माहीत नसताना. आणि माझ्या मागे, सीटवर, कोणीतरी येऊन बसलं. दार उघडलं नव्हतं. मान वळवायची माझी छाती झाली नाही. घरघर थांबली. आयचुरेकने डोळे उघडले, माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि हसली. परकं माणूस दिसलं की ओठ काढणारी पोर ती! हसली आणि गेली.

तिचं शेवटचं हसू मला मिळालं नाही. इतक्या वर्षांत हे मी कोणालाच सांगू शकलो नाही. मागे कोण होतं ते मला ठाऊक नव्हतं. तुझी साक्ष ऐकली आणि कळलं, त्याच दुपारी तुझ्या उशाशी बसला होता तो हाच. आधी त्याने लेक नेली, मग तुलाही आपल्याकडे वळवून घेतलं, आणि मला एका शब्दाने विचारलं नाही. म्हणून तो संताप, बुरुल. गावाचा, मुल्लाचा त्यात काही संबंध नव्हता.

माझं त्याच्याशी अजून पटलेलं नाही. अनारकुलताईंकडे मी येईन असं समजू नकोस. पण तू जा, माझी ना नाही. मी सांगितलेलं आधी तू एकटीने ऐकावंस, मग हवं तर तिथे सांग. आणि जमलं तर सोमवारी दुधाच्या गाडीत बसून वर ये. तुझी साक्ष मला पहिल्यापासून ऐकायचीय, समोर बसून. शिवाय एक विचारायचंय. दुसऱ्या कोणाला विचारू शकत नाही, तुला त्याची ओळख आहे. मी तेव्हा मान वळवली असती, तर तो मलाही दिसला असता का?

तुझाच हट्टी,
केनेश