बंद फोनची तक्रार बंद फोनवरूनच नोंदवण्याच्या आदेशाबाबत

प्रति,
मा. नियंत्रण अधिकारी,
फोन-हजेरी व आहार पडताळणी कक्ष,
कोल्हापूर.

अर्जदार: शालूबाई ज्ञानू गावडे, अंगणवाडी सेविका, जांभूळमाळ, ता. चंदगड.

विषय: शासनाने दिलेला फोन बंद पडला असून अंगणवाडी चालू असल्याबाबत.

संदर्भ: आपली कारणे दाखवा नोटीस. (ती आपण त्याच बंद फोनवर पाठवली होती. छापील प्रत पर्यवेक्षिका मॅडमांनी एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती दिली, म्हणून वाचता आली.)

महोदय,

अर्ज करण्यास कारण की, माझ्या केंद्रात पंधरवडाभर एकही मूल हजर का नाही, असे आपण विचारले आहे. मुले रोज हजर आहेत. हे लिहीत असताना त्यांतले एक माझ्या पदराला नाक पुसत आहे. गैरहजर आहे तो फोन.

१. आमच्या गावात रेंज फक्त टेकावरच्या काजूखाली येते. त्यामुळे सगळे गाव आपापले फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या काजूच्या फांद्यांना टांगते आणि संध्याकाळी उतरवून आणते. "फोन सतत चालू व रेंजमध्ये ठेवावा" हे परिपत्रक आपलेच. मी ते पाळले. चंदगडच्या पावसाला मात्र त्याची प्रत गेली नसावी. संध्याकाळी गावाचे फोन वाजत होते, शासनाचा तेवढा गार पडला होता.

२. आपल्या कक्षाने सुचवलेले सर्व उपाय केले. चार्जर बदलला. दोन्ही बटणे एकत्र दाबून धरली. मी धरली, मदतनीस सोनूबाईंनी धरली, सरपंचांनी तर ग्रामसभा संपेपर्यंत धरली. मग "तांदळात ठेवा" असा निरोप आला. तांदूळ कशासाठी असतो हे चंदगडच्या बाईला कोल्हापुरातून कळवल्याबद्दल मी आभारी आहे. फोन घरच्या तांदळाच्या पिंपात पुरला. सासूबाई बनाबाई यांनी झाकण उघडून विचारले, "आंबा हाय व्हय त्यो, पिकत घालाय?" याचे उत्तर आपल्याकडे असल्यास कळवावे.

३. त्यानंतर दिवसाचा खाडा करून कोल्हापूरला शाहूपुरीत, आपण नेमलेल्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने फोन उघडला आणि सांगितले, "मावशी, ह्यात जीव न्हाय. बोर्ड गेलाय." तसा लेखी दाखला मागितला, तर म्हणाला, त्यासाठी फोन चालू करून आतला क्रमांक दाखवावा लागेल, कारण मागचा स्टिकर पावसात धुऊन गेला आहे. म्हणजे मेलेल्याने उठून आपले नाव सांगायचे, मग त्याला मेला म्हणायचे. आपल्या कक्षात विचारले असता, तक्रार ॲपवरूनच नोंदवा, असे उत्तर मिळाले. ॲप त्या फोनात आहे. सिम माझ्या मुलाच्या फोनात घातले, तर ॲप म्हणते, हा फोन शासनाचा नाही. खरे आहे. तो चालतो.

४. इथवर मी हसून घेतले. पुढचे हसण्यासारखे नाही. आमच्या गावच्या राजनंदिनीला सातवा महिना आहे. तिचे रक्त कमी असल्याचे नर्सबाईंनी दोनदा बजावले आहे. तिच्या आहाराची पाकिटे माझ्या कपाटात येऊन पडली आहेत, पण फोनात चेहरा जुळल्याशिवाय ती देऊ नयेत, असा आपला आदेश. ती चिखल तुडवत येते, उंबऱ्यावर टेकते, आणि मी तिला रिकाम्या हाताने परत पाठवते. परवा ती म्हणाली, "बाई, ह्याच अंगणवाडीत मी ल्हानाची मोठी झाली की. माझं तोंड तुम्हास्नी ठावं न्हाय व्हय?" महोदय, मला लाज वाटली. आपल्या वाटची लाजही मीच घेतली, कारण आपल्याकडून ती येण्याची चिन्हे दिसत नाहीत.

५. सबब, काल मी कपाट उघडले. राजनंदिनीला आणि इतर सर्व पात्र बायकांना पाकिटे दिली. प्रत्येकीचे तोंड मी स्वतः पाहिले. सगळी जुळली. आदेश मोडला हे मान्य आहे, आणि आपल्या नोटिशीला माझे उत्तरही तेच आहे. मानधन कापायचे तर कापावे, काढून टाकायचे तर टाकावे. पाकिटे मात्र परत मागू नयेत. ती शिजली आहेत.

आपले उत्तर येईपर्यंत नम्र,

(सही)
शालूबाई ज्ञानू गावडे
दि. ८ ऑगस्ट २०२५

सोबत:
१. उपरोक्त फोन, चार्जरसह. बटण दाबून पाहण्याची हौस असल्यास पाहावी.
२. पाकिटे मिळाल्याबद्दल बायकांच्या सह्या व अंगठे.
३. राजनंदिनीचा चेहरा जोडता आला नाही. तो तपासायचा असल्यास आपण जांभूळमाळला यावे. एस.टी. फाट्यापर्यंतच येते, पुढे चिखलातून चालावे लागते. ती रोज चालते.