विहिरीशेजारचं कोरं घर

३ फेब्रुवारी २०१४, सोमवार
आली! आमच्या गाव-इतिहासाच्या ऑफिसात ब्राझीलहून पेटी आली! कॉफीच्या पोत्यात गुंडाळलेली एकशे बारा पत्रं — सगळी लढाईआधी आपल्याच गावातून, तिकडे मजुरीला गेलेल्या गावकऱ्यांना लिहिलेली. १९४५च्या ओकिनावाच्या लढाईत गावात कागदाचा कपटा उरला नव्हता. घरं गेली, जन्मनोंदी गेल्या. आणि हे कागद इतक्या लांब, कुणाच्या तरी ट्रंकेत शाबूत! दोनदा हात धुतले, तरी हात लावायचं धाडस होईना.

५ फेब्रुवारी, बुधवार
बुधवार म्हणजे नकाशा. लढाईआधीचं गाव आठवून म्हातारी मंडळी एकेका घरावर नाव भरतात. आज मी पत्रं वाचून दाखवली. रताळ्यांचं पीक, कुणाचं मोडलेलं लग्न... मध्येच गिबो आजोबा ओरडले, "माझ्या बापानं ते डुक्कर चोरलंच नव्हतं! जन्मभर ऐकून घेतोय!" मी पुढची ओळ वाचली. चोरलं होतं. चिरू आजी म्हणाल्या, "आता तरी माफी माग मेल्या, डुक्कर आमचं होतं!" हसून हसून सगळ्यांना ठसका.

हारुए आजी तेवढ्या हसल्या नाहीत. त्या दर बुधवारी येतात, पण कुठल्याच घरावर बोट ठेवत नाहीत. पंचेचाळीस साली त्या सैनिकांना गावच्या विहिरीपाशी सापडल्या — तीन-चार वर्षांच्या, एकट्या. नाव अनाथाश्रमानं ठेवलं. वाढदिवसही तिथलाच, सगळ्या पोरांना मिळून एक तारीख. जाताना हळूच म्हणाल्या, "त्यात माझं काही नाही ना गं?"

७ फेब्रुवारी
चाळीस पत्रं झाली. काही नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
१९४१च्या उन्हाळ्यातलं पत्र: "विहिरीशेजारी नवं बिऱ्हाड आलंय. त्यांच्या सुनेला जुळ्या मुली झाल्या. ऊतो आणि नाबे. दोघींच्याही कानाच्या वर जन्मतःच टाचणीच्या टोकाएवढं भोक, थेट बापासारखं! असं भोक असलं की पोर नशीबवान निघते म्हणतात."

विहिरीशेजारचं घर! नकाशावर तेवढंच कोरं राहिलंय, कुणालाच आठवत नव्हतं. आणि हारुए आजींच्या कानाच्या वर तसंच भोक आहे. केस मागे सारतात तेव्हा मी कितीदा पाहिलंय! कुणा शेजारणीनं सहज लिहिलेल्या चार ओळी — आणि त्यात एक अख्खं माणूस जपलं गेलं. मी चक्क कागदाला नमस्कार केला.

पण मग आजी दोघींतल्या कुठल्या?

११ फेब्रुवारी, सुट्टी
तरी ऑफिसात गेले. उरलेली सगळी पत्रं वाचली. एकीला दुसरीपासून वेगळं ओळखता येईल असं एक अक्षर नाही. अर्धंच नाव हातात कसं द्यायचं?

१२ फेब्रुवारी, बुधवार
हारुए आजींना सांगितलं. "मला बहीण होती?" एवढंच विचारलं, दोनदा. मी नकाशा पुढ्यात ओढून म्हटलं, "आजी, नकाशावर तुमचं नाव कुठलं लिहू?"

"दोन्ही लिही, पोरी. तिच्या नावाला ओ द्यायला दुसरं कोण उरलंय? यापुढे दोघींची ओ मीच देईन."