तिसऱ्या भुयाराचा नकाशा

नाना,

सातच्या गाडीने बोदवडला शाळेत शिकवायला चालले. तुम्ही फिरून यायचे आहात, म्हणून लिहून ठेवतेय. कळण्याची भाकरी आणि ठेचा झाकून ठेवलाय. काल जेवला नाहीत, आता तरी जेवा.

भुयाराचा तुम्ही काढलेला नकाशाच बरोबर आहे. माझ्या दादाने सुरतेहून पाठवलेल्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटमध्ये खेळ आपला जुनाच, चित्रं तेवढी नवी. तरी काल तिसऱ्या भुयारात आपण भिंतीवर आपटलो आणि मी बोलून गेले, तुमचा हात थरथरतो, रेघ चुकली असेल. तीस वर्षं शेतं मोजलेल्या माणसाला सुनेने असं बोलू नये.

पहाटे उठून पुन्हा खेळले. नव्या खेळात बनवणाऱ्यांनी एक खोडी करून ठेवलीय. विहिरीपुढच्या चौकोनात पाय पडला की आपलं तोंड गुपचूप मागे फिरतं. समोरची भिंत तशीच दिसते, म्हणून कळत नाही. दिशा माझी चुकली होती.

तुम्ही चुरगळलेला नकाशा इस्त्री करून टीव्हीवर ठेवलाय. शेजारी चौथ्या भुयारासाठी कोरा ग्राफ पेपर आहे, पेन्सिलला टोक केलंय. मी पाचला येते. तोवर मोजणीआधी काढायचात तसा उत्तरेचा बाण काढून ठेवा. त्याशिवाय मी रिमोटला हात लावणार नाही.

प्रमिला