आईच्या खोलीतले भुंगेरे

४ मार्च

चि. बोक्यास अनेक आशीर्वाद.

तू आईला भेटून गेलास आणि आठवड्यात तिच्या पलंगाखाली काळे भुंगेरे निघाले. केसाळ अळ्यासुद्धा. एक माझ्या चपलेत होती, पायाखाली फुटली. शी! अजून जेवण जात नाही.

संग्रहालयात मेलेल्या जनावरांची हाडं किड्यांकडून साफ करून घ्यायची नोकरी तुला लखलाभ, पण ती घाण आईच्या उशाशी कशाला आणलीस? काडेपेटीतून एक पाठवतेय, नीट बघ. तोवर या घरात पाऊल टाकायचं नाही. आई विचारत होती तू परत कधी येणार, मी विषय बदलला.

राग आहे, मायाही आहेच.
ताई

८ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

काडेपेटी आमच्या साहेबांनी उघडली आणि चहा तसाच टाकून उठले. मी भिंगाखाली पाहिलं. आमचे भुंगेरे काळेकुट्ट, पोट पांढरं. तुझ्याच्या पाठीवर मळकट पिवळा पट्टा, त्यात ठिपके. आमच्यांना उबदार पेटीत आयतं लागतं, तुझे स्वतःच घरं हुडकत हिंडतात. तेव्हा मी निर्दोष, माफी सवडीने माग.

खोड मात्र दोघांची एकच. ताजं नको, वाळलेलं मांस, मासळी लागते. म्हणजे खोलीत काहीतरी कुजून वाळलंय. मेलेला उंदीर असेल. नाक दाबून शोध.

आटला असेल तर लोभ पुन्हा वाढवावा.
तुझा बोक्या

१३ मार्च

चि. बोक्या, आशीर्वाद.

उंदीर नव्हता. आईच्या विणकामाच्या पिशवीत कागदाच्या पुड्या होत्या, वीसेक तरी. आत चघळून टाकलेले मटणाचे, मासळीचे तुकडे, आणि त्यांत नुसती वळवळ. मी तिथेच ओकले.

घास तिच्या घशाखाली उतरतच नाही. दोन महिने ती दुधावर आहे, आणि मी रोज तिच्या रिकाम्या ताटाला शाबासकी देत होते. डॉक्टरांना घशात गाठ वाटते. गुरुवारी तपासणी आहे. माझं बोलणं मनात न धरता ये, बाबा.

मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तू ओरडली असतीस.

वाट पाहते.
ताई