खिंडीत कोणी थांबत नाही

१० मे, शनिवार

पोहोचले एकदाची! ब्रेझ्ना गावातलं घर फोटोत दिसलं होतं त्याहून छान निघालं. दोन खोल्या, लाकडी सज्जा, अंगणात घरमालकांच्या मधमाश्यांच्या पेट्या. खिंडीत दाट धुकं होतं. पुढच्या ट्रकचे लाल दिवे धरून उतरले, आजूबाजूचं काहीच दिसलं नाही. सोमवारपासून हीच खिंड रोज ओलांडायची आहे, कारण माझं आरोग्यधाम पलीकडच्या उतारावर, गरम झऱ्यांपाशी आहे. तिकडे घर मिळालं नाही म्हणून इथे.

घरी प्लोवदिवला फोन केला. लेकीची, यानाची, तिसरीची शाळा ३० तारखेला संपते, ३१ला ती आणि ओग्न्यान येणार. मधमाश्यांना नावं देता येतात का, असं यानाने विचारलं. ओग्न्यान घरी नव्हताच. दूध आणायला गेलेला माणूस दीड तास गायब, म्हणजे कुणाचं तरी चाक बदलत असणार. रस्त्याकडेला उघडं बॉनेट दिसलं की याचा पाय ब्रेकवर. लग्नाला अकरा वर्षं झाली, आम्ही एकदाही कुठे वेळेवर पोहोचलेलो नाही. माझी आई त्याला 'हमरस्त्याचा जावई' म्हणते. तोंडाने मीही कुरकुरते, पण लग्न केलं ते याच गुणाला बघून.

१२ मे, सोमवार

मालिशच्या कामाचा पहिला दिवस. सगळे रोगी निवृत्त खाणकामगार, सगळ्यांचे गुडघे गेलेले. स्तोयकामावशी बायकांच्या हमामात काम करतात आणि ब्रेझ्नातच राहतात. माझे हात बघून म्हणाल्या, एवढ्याशा बोटांनी तू या रेड्यांना चोळणार होय? मग स्वतःच हसल्या आणि बटाट्याच्या जाड पोळीचा, पाताट्निकचा, मोठा तुकडा पुढे केला. बसच्या वेळा अडनिड्या असतात, म्हणून उद्यापासून त्या माझ्याच गाडीतून येणार. आज जाता-येता धुकंच होतं.

१३ मे, मंगळवार

आज आकाश स्वच्छ. खिंडीच्या माथ्यावर एक जुनी पिवळट गाडी उभी होती, बॉनेट उघडं. मागे रस्त्यावर बीच झाडाची पानांसकट फांदी टाकलेली, इकडे गाडी बंद पडल्याची खूण म्हणून टाकतात तशी. शेजारी तिशीचा माणूस, निळा चौकडीचा शर्ट. मी वेग कमी केला, तोच स्तोयकामावशींनी स्टीअरिंगवर हात ठेवला. चल गं पोरी, पुढे बघ, उशीर होतोय. आवाज नेहमीचा होता, हात मात्र थंडगार.

मला राग आला. मी गेलेच पुढे, त्याचाही राग आला.

चार वाजता परतताना तो तिथेच. तसाच उभा, एक हात गाडीच्या छपरावर. घरी येऊन ११२ला फोन लावला. पलीकडचा माणूस सगळं ऐकून घेत होता. खिंडीचं नाव निघताच म्हणाला, बाई, तुम्ही नवीन दिसता. आणि शुभ दिवस म्हणून फोन ठेवून दिला.

१६ मे, शुक्रवार

अजून तिथेच. चार दिवस झाले, फांदीची पानं जराही सुकलेली नाहीत.

१९ मे, सोमवार

इकडे वारलेल्यांची पत्रकं चौकातल्या लिंडनच्या झाडावर लावतात. दूध घेऊन येताना वाचत उभी राहिले. सगळ्यात जुन्या, पिवळ्या पडलेल्या कागदावर तोच चेहरा होता, तोच चौकडीचा शर्ट. वर लिहिलं होतं: माझा मुलगा हरवला आहे. नाव झिवको. तारीख चार वर्षांपूर्वीची. त्याच्या खाली त्याच्या आईचं पत्रक. ती दोन वर्षांपूर्वी गेली.

स्तोयकामावशींना हात धरून चुलीपुढे बसवलं आणि विचारलं. त्या बीन्स निवडता निवडता बोलल्या, एखाद्या आजाराबद्दल सांगावं तशा. खिंडीत कोणीतरी एक कायम उभा असतो. जो उतरून त्याला पहिल्यांदा विचारेल, काय झालं हो, तो तिथे अडकतो आणि आधीचा सुटतो. त्यांचा दीर असाच अकरा महिने अडकला होता. सुटून घरी आला तेव्हा म्हणाला, अर्धा तास झाला असेल, सूप गरम आहे ना? तोवर त्याच्या बायकोने त्याचे कपडे वाटून टाकले होते.

मग त्या झिवकोला कोणी सोडवत का नाही, असं मी विचारलं. बीन्स निवडणारे हात थांबले. म्हणाल्या, तू सोडव की. आहेस ना शहरातली, शिकलेली?

मी उरलेल्या बीन्स निवडायला घेतल्या.

२२ मे, गुरुवार

इथल्या शाळेतल्या बाईंची गाडी काल माथ्याजवळ खरोखरच बंद पडली. एकही गाडी थांबली नाही. नऊ किलोमीटर चालत खाली आल्या, पायांना फोड आले आहेत. पट्टी बांधताना मी हळहळले, तर त्या शांतपणे म्हणाल्या, लांबून काय कळणार कोण उभं आहे ते? मीही थांबले नसते.

झिवको आता माझ्या गाडीकडे बघतो. मान वळवून, दिसेनाशी होईपर्यंत. मी आरसा खाली वाकवून ठेवला आहे.

२४ मे, शनिवार

सुट्टी. ओग्न्यानला फोनवर सगळं सांगितलं. तो हसला नाही, ते जास्त लागलं. म्हणाला, चार वर्षं हरवलेला माणूस तुला रोज दिसतो आणि तू रोज पुढे जातेस? मी म्हटलं, बसने या. सायकल, पुस्तकं, मांजर बसमध्ये कशी आणू, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, शपथ घे, थांबणार नाहीस. तो एवढंच म्हणाला, इस्क्रा, दोन आठवड्यांत काय झालंय गं तुला?

२७ मे, मंगळवार

खिंड दरड पडून बंद आहे, असं ओग्न्यानला खोटं सांगितलं. त्याने रस्ते खात्यात फोन करून विचारलं. खुली आहे. आता तो माझ्याशी नीट बोलतही नाही.

याना मागून ओरडली, आई, मी मधमाश्यांची सतरा नावं काढलीत!

३० मे, शुक्रवार

ठरलं. उद्या सकाळी मी प्लोवदिवला जाते, माझी गाडी तिथेच ठेवून परत येताना त्यांची गाडी मीच चालवीन. मी चालवत असले तर थांबायचा प्रश्नच नाही. स्तोयकामावशी म्हणाल्या, शहाणी गं माझी पोर. शहाणी हा शब्द दिवसभर टोचत राहिला.

३१ मे, शनिवार

सकाळचे सव्वाआठ. खिंडीत बसून लिहिते आहे.

निघतानाच ओग्न्यानचा संदेश आला. यानाला झोप येईना, आम्ही सहालाच निघालो, आरोग्यधाम मागे पडलं. म्हणजे ते माथ्यापासून वीस मिनिटांवर. फोन केला. लागला नाही, चढावर लागतच नाही.

गाडी पळवत वर आले. झिवको उभाच होता.

पुढे जाऊन ओग्न्यानला वाटेत अडवता आलं असतं. पण तो मलाच शेजारी बसवून इथे परत आला असता, याला मदत करायला. मी ओळखते त्याला.

म्हणून मीच उतरले. विचारलं, काय झालं हो?

झिवको म्हणाला, आभारी आहे, बरं झालं थांबलात, कुणीच थांबेना. त्याची गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. आई जेवायची थांबली असेल, म्हणाला. तो ब्रेझ्नाच्या बाजूला उतरून गेला.

माझी गाडी आता सुरू होत नाही.

ठीक आहे. जागा भरली. आता ते दोघं सरळ पुढे—

नाही.

तो सगळ्यांसाठी थांबतो. मग माझ्यासाठी का—

हे माझ्या डोक्यात कसं नाही आलं.

बॉनेट बंद केलं. उघडं आहे. पुन्हा बंद केलं. उघडंच आहे.

फांदी दरीत फेकली. ती रस्त्यावर आहे, पानं ओली.

कडेच्या दगडामागे लपू म्हटलं. दहा पावलं चालले, तर पुन्हा गाडीपाशीच, हात छपरावर.

पावाची गाडी गेली. चालक समोर बघत गेला. भला माणूस. असंच जा. सगळे असंच जा—

वळणावर आमची गाडी. टपावर सायकल.

दोन्ही हात हलवून सांगते आहे, जा, जा, थांबू नका. तो दिवे मिचकावतो आहे. त्याला वाटतंय, मी बोलावते आहे.

वेग कमी झाला.

ओग्न्यान पट्टा सोडतो आहे. मी ओरडते आहे, पण माझा आवाज मलाच—

मागचं दार आधी उघडलं.

याना, नको. बाळा, काही विचारू नकोस, तोंडातून शब्द काढू नकोस, तू फक्त—