अहो आणि अरे

पॅरिस, नोव्हेंबर १७९३

अहो,

तुमची पेरीन खुशाल आहे. छापखान्यात कागद दुमडते, दोन्ही वेळा पाव मिळतो. हल्ली जरा काळा असतो, एवढंच. तुमचा खोकला कसा आहे? शेळी व्यायली का?

माणसं जन्मतः सारखी, असं लिहिणारे विद्वान कधीच मातीत गेले; पण त्यांच्या चार ओळींनी राजाचं सिंहासन उलथलं! आता आमच्या पेठेच्या सभेत ठरलंय, कुणी कुणाला अहो-जाहो करायचं नाही.

काल मालकांना भीत भीत म्हटलं, "तू जरा सरक, ओल्या शाईला कोपर लागेल."

मालक लालेलाल झाले, पण सरकले. म्हणाले, "त्या विद्वानांची पुस्तकं तीस वर्षं मी छापली गं, पण वाचलीस खरी तूच!"

तेव्हापासून मी ताठ चालते. तुम्हाला लिहिताना मात्र हात अडला. राजा गेला, अकरा वर्षांचं 'अहो' काही जात नाही.

तरी धीर करते. पुढची ओळ सासूबाईंसमोर मोठ्यानं वाचू नका.

ब्लेझ, तू जेवलास का रे?

तुझीच,
पेरीन